श्वासबाबांचा पांढरा पेला

गांधीबागेतल्या कापडाच्या रिकाम्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. थंडीचे दिवस, घरोघरी खोकला. त्यात श्वासबाबांनी खिडक्या लावून शटरही अर्धं ओढलेलं. "वारा लागला का शक्ती उडते!"

मधोमध काचेचा पेला, त्यात नितळ पाणी. एकेक आजारी येई आणि नळीने पाण्यात फुंके. बघता बघता पाणी दुधासारखं होई.

"पाहा, छातीतला रोग कसा निघून राह्यला!" बाबा गरजत. त्यांचा चेला विक्की पेला झटकन उचलून बादलीत रिकामा करी आणि पुन्हा भरून ठेवी. नळी मात्र सगळ्यांना तीच. प्रसादाची नळी धुवायची नसते.

नंदिनीने जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं. निवृत्तीनंतर तिच्या दिवसात बोलण्यासारखं एकच उरलं होतं, शेजारच्या पंचफुलाबाईंसोबतचा संध्याकाळचा चहा. आता तोही एकटीचाच. पंचफुलाबाई रोज इथे येत. आज अंगात ताप, बोलताना धाप, तरी रांगेत; म्हणून नंदिनीही सोबत आली होती.

"डॉक्टरकडे चला ना."

"डॉक्टर पाहते न पाहते तं पुढचा नंबर पुकारते. इथं एक दिवस नाई आली, तं चार जणं 'काहून नाई आली' म्हणून इचारतात, वं."

 नंदिनी सरळ बाबांपुढे गेली.

"बाबा, मला काही झालेलं नाही. मी फुंकू?"

"फुंका बाई. रोग लपूनबी राहते."

रसाच्या दुकानातून आणलेली कोरी नळी तिने पेल्यात घातली. पाणी पांढरं झालं.

"घ्या! म्याडमच्या छातीतबी हाय!" हशा पिकला.

विक्कीने हात पुढे केला, पण तिने पेला सोडला नाही. ती फुंकतच राहिली. हळूहळू पांढरेपणा विरला आणि पाणी पुन्हा नितळ झालं.

"आता रोग परत माझ्या छातीत गेला का, बाबा?"

"अविश्वासानं पाणी बाटलं!"

"पाणी नाही, ही चुन्याची निवळी. सुपारी-तंबाखूच्या खर्र्यात घालता तोच चुना पाण्यात कालवून वरचं पाणी घेतलेलं. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते, फुंकत राहिलं की निवळते. धडधाकट माणसानेही फुंकून बघावं. रोगाचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही. तो या उष्ट्या नळीवर आहे आणि या कोंडलेल्या हवेत."

कुणीतरी शटर वर ढकललं. लोक तोंडाला रुमाल लावून निघून गेले. नंदिनीकडे कुणी पाहिलं नाही.

"माह्यं येणंबी बंद केलं तुमी," पंचफुलाबाई म्हणाल्या.

धाप वाढल्यावर पंचफुलाबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. फ्लू निघाला. छातीत उतरलेला. ऑक्सिजन लावावा लागला. घरी आल्यावरही त्या नंदिनीशी बोलेनात. ती रोज तोंडाला मास्क लावून त्यांच्या उघड्या दाराबाहेर स्टूल टाकून बसे, चहा आत सरकवी, आणि कप रिकामा होऊन परत येई.

मग नंदिनीचाच घसा धरला. ती घरातच राहिली.

चमत्कार दिसला की एवढंच विचारावं : निरोगी माणसाने हेच केलं तर काय होईल? खोकला असेल तर तोंड झाकावं, गर्दीत जाऊ नये, हात धुवावेत, खिडक्या उघडाव्यात. म्हाताऱ्यांना फ्लूची लस द्यावी. धाप लागली तर दवाखाना गाठावा. आणि शेजारचं दार बंद दिसलं, तर बाहेरूनच हाक मारावी; नाहीतर ती मारायला बाबा बसलेलेच आहेत.

दुसऱ्या दिवशी नंदिनीच्या खिडकीबाहेर पंचफुलाबाईंची काठी वाजली.

"काल काहून नाई आली, वं?"