वहीत न लिहिलेलं ताट

आज दुपारी वजनकाट्यावर उभं राहायचं होतं आणि सकाळपासून भागीरथाचा जीव थाऱ्यावर नव्हता. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या दोन खोल्यांच्या घरात, गुडघा ठणकत असूनही, ती या दारातून त्या दारात फिरत होती. पाच किलो उतरले तरच गुडघ्याचं ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन महिन्यांत उतरलं होतं पाव किलो.

आहार ठरवून देणाऱ्या मधुवंती मॅडम खाल्लेलं सगळं वहीत लिहायला लावत. भागीरथा इमानेइतबारे लिही. दोन पोळ्या, वाटीभर वरण, काकडी. खुर्चीत बसून करायचा व्यायामही ती चुकवत नसे. मागच्या खेपेला मॅडमनी वही चाळली आणि नुसतं हं केलं. नवरा मधुकरराव तर तोंडावर म्हणाले होते, "चोरून खात असशील." बावन्न वर्षांच्या बाईच्या हे फार जिव्हारी लागलं.

दहाला मधुकरराव जेवून उठले. ताटात अर्धी पोळी, वांग्याची तर्रीदार भाजी आणि मूठभर भात उरला होता. भागीरथाने ओट्याशी उभ्यानेच ते पुसून खाल्लं. सून काजल पाहत होती.

"आई, हे वहीत लिहिता का?"

"ते कायले लिहू? ते माह्यं जेवण थोडंच हाय. यायच्या ताटात उरलं, टाकू का मंग?"

"कधीपासून खाऊन राहिल्या असं?"

"लग्न झालं तवापासून," भागीरथा म्हणाली आणि हातातल्या पुसलेल्या ताटाकडे बघू लागली.

मग तिने वही उघडली, मिटली, अंगणात जाऊन आली. शेवटी आठवडाभराचं उरलंसुरलं आठवून लिहून काढलं. ते तिच्या जेवणापेक्षा जास्त भरलं. तिला हसू आलं आणि मग संताप आला.

दुपारी मॅडमकडे काटा जागचा हलला नव्हता. मॅडमनी नवं पान वाचलं आणि पहिल्यांदाच सोबत आलेल्या मधुकररावांकडे पाहिलं.

ते खुर्चीत चुळबुळले. "मी तिच्यासाठीच ठेवतो, मॅडम. माह्या मायसाठी बाबा असंच ठेवत."

"ठेवताही तुम्हीच, अन् चोर म्हणताही तुम्हीच," भागीरथा म्हणाली.

संध्याकाळी ती पहिल्यांदाच त्यांच्यासमोर आपलं ताट घेऊन बसली. सवयीने मधुकररावांनी अर्धी पोळी बाजूला सारली.

"संपवा. मले माया नको, गुडघा पायजे."

त्यांनी मुकाट्याने पोळी संपवली. भागीरथाची भूक अजून भागली नव्हती, तरी ती आपलं रिकामं ताट उचलून उठली.