रिठ्याच्या पाण्यातलं गवत

छप्पन्न सालच्या थंडीत सरांनी मला शेवटची संधी दिली. खाडीच्या गवतातल्या बुरशा हा माझा एम. एस्सी.चा विषय. पण पाती ओल्या टीपकागदावर ठेवली की तिसऱ्या दिवशी बशीत काळ्या-हिरव्या बुरशांचं रान माजे. त्यातली गवताची स्वतःची कोणती आणि वाऱ्यावर येऊन बसलेली कोणती, हे मला सांगता येत नसे.

"उत्तरा, या खेपेलाही असंच आलं तर पेरूच्या पानांवर काम कर," सर म्हणाले.

रविवारी मुलुंडच्या मिठागराच्या बांधावरून टोपलीभर गवत आणलं, मोरीजवळ ठेवलं आणि जेवून जरा पडले. उठले तर माणिकआत्या पाटावर बसून एकेक पातं बुडापासून टोकापर्यंत पुसत होती. त्या दिवशी संकष्टी होती.

"कुठून आणलीस गं ही दूर्वा? नुसती काजळी. रिठ्याच्या पाण्यातून काढली, वर दोन साधी पाणी." सोवळं धुवायला भिजवलेले सगळे रिठे संपले होते. एकविसावी जुडी बांधून होत आली होती.

"आत्या, ही दूर्वा नाही. खाडीचं गवत आहे. ती काजळी मला हवी होती."

तिचा हात थांबला. "तरीच इतकी खरबरीत. एक जुडी वाहिलीसुद्धा मी."

"मग आता?"

"गणपती घेईल समजून. तुझे सर घेतात का बघ."

पुन्हा खाडीवर जायला पुढचा रविवार उजाडला असता. उरलेल्या वीस जुड्या मी तशाच वीस बशांत मांडल्या.

तिसऱ्या दिवशी पाती स्वच्छ होती. चौथ्या दिवशी भिंगाखाली पाहिलं, तर पेरांतून आणि कापलेल्या टोकांतून करडे तंतू बाहेर येत होते, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक. सतरा बशांत तेच. वरचं बहुतेक सगळं आत्याने पुसून टाकलं होतं. हे आतलं असावं. भरतीच्या खाऱ्या पाण्यात बुडूनही हिरवं राहणारं ते गवत, आणि त्याच्या पोटात कुणाला न दिसता वाढणारा हा जीव. बराच वेळ मी भिंगावरून डोळा काढला नाही.

"कशात धुतलंस?" सरांनी विचारलं.

"रिठ्याच्या पाण्यात. आत्याने."

ते हसले नाहीत. "रिठ्याने वरचं सगळं मरत नाही. रसकापुराच्या पाण्यात धुऊन पुन्हा कर. तेच आलं, तर पेरू नको."

रसकापूर म्हणजे पाऱ्याचं विष, म्हणून ते काम मी प्रयोगशाळेत स्वतः केलं. निम्मी पाती माझ्या हातून फाटली; आत्याचं एकही फाटलं नव्हतं. पण उरलेल्यांतून तेच करडे तंतू आले.

घरी सांगितलं तेव्हा आत्याने एवढंच विचारलं, "आत राहून गवताला खातं का ते?"

"अजून तरी तसं दिसत नाही."

"मग राहू दे."

पुढच्या रविवारी मी टोपली घेऊन आले, तेव्हा तिने रिठे भिजवून ठेवले होते. सोवळ्याचे वेगळे, गवताचे वेगळे.