वाचताना राहिलेली ओळ

विद्यापीठाच्या नोंदखोलीत कारकून काका जुनी रजिस्टरं मोठ्यानं वाचायचे आणि समोरची ऑपरेटर एकेक पदवी ब्लॉकचेनवर, म्हणजे संगणकातल्या नोंदींच्या साखळीवर, चढवायची. ती साखळीच अशी, की एकदा कडी जोडली की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. नोकरी देणाऱ्यानं नुसता क्रमांक टाकला, की पदवी खरी का खोटी ते कळतं. काका तर देवाचं नाव घ्यावं तसं प्रत्येक नाव सुरात घ्यायचे.

आज चार वाजता काकांच्या लेकीचा फोन आला. ती जनावरांची डॉक्टर. मोठ्या पशुरुग्णालयात निवड झालेली.

"बाबा, माझी पदवी सापडतच नाही म्हणतात! पाचपर्यंत दिसली नाही तर जागा दुसऱ्याला. मी काय पाच वर्षं म्हशींशी गप्पा मारल्या?"

काकांनी घाईनं रजिस्टर काढलं. लेकीची ओळ, बेचाळिसावी, जागच्या जागी होती. ऑपरेटरनं पडदा पाहिला. एक्केचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस.

"काका, बेचाळीस कुठंय?"

काकांनी चष्मा काढला. "त्या दिवशी तिचं नाव आलं आणि गळाच दाटला गं. चष्मा पुसला. मला वाटलं, वाचलं."

"आणि मी पुढचं नाव घेतलं! हजारो नावं बिनचूक, आणि राहिलं ते घरचंच."

"आता गं?"

"राहिलेली नोंद नव्या कडीत जोडता येते. जोडल्याची तारीख आजची पडेल, पदवी तेव्हाचीच. पण नियम तोच, तुम्ही मोठ्यानं वाचायचं. आधी पाणी प्या. आणि चष्मा आत्ताच पुसून घ्या."

फोन चालूच होता. काका उभे राहिले. क्रमांक वाचला, लेकीचं नाव वाचलं. पुढे वडिलांचं नाव आलं आणि आवाज अडला.

ऑपरेटरनं कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले. "सावकाश काका. मी थांबलेय."

"मी पण," फोनमधून आवाज आला.

काकांनी स्वतःचं नाव वाचलं आणि 'प्रथम श्रेणी'पर्यंत ओळ पुरी केली. बटण दाबलं गेलं. पाचला सात मिनिटं होती.

"दिसली! बाबा, त्यांच्याकडेही दिसली!" मग ती म्हणाली, "पदवी मिळाली त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात."

"तेव्हाही दाटलंच होतं, बाळा."

"मग परत वाचा. आता फक्त माझ्यासाठी."

काकांनी ओळीवर बोट ठेवलं आणि सूर धरला.