कोपरा नसलेलं कार्ड

त्या दिवशी अण्णांनी मला नेहमीसारखं चिंचेनं घासलं, विहिरीच्या पाण्यानं भरलं आणि इंजिनाच्या खोलीतल्या खिडकीत ठेवलं. दुष्काळाचं साल होतं. राजूरच्या त्या भात भरडायच्या गिरणीत पौष महिन्यातही पोत्यांची रांग नव्हती. इंजिन दुपारीच बंद झालं. अण्णा तुसाच्या ढिगाला टेकून बसले आणि त्यांनी माझं झाकण फिरवलं.

मित्रांनो, मी फिरकीचा तांब्या आहे, पितळेचा, जुना. माझ्या गळ्याला आटे आहेत. झाकण फिरवून घट्ट बसवलं की एसटीनं कितीही आदळआपट केली तरी थेंब सांडत नाही. माझे मालक सहादेव. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. ते गिरणीचं इंजिन चालवत. घर त्यांचं कोल्हारला आणि नोकरी राजूरला. महिन्यातून एकदा ते घरी जात, संगमनेरला आणि अकोले गावी गाडी बदलून. बारा वर्षं त्यांनी एकच गोष्ट शोधली. घराजवळची नोकरी.

त्या दुपारीही तेच बोलणं चाललं होतं. पोती वाहणारा गहिनीनाथ शेजारी येऊन बसला.

"काय अण्णा, आता कुठल्या गावची खबर?"

"बेलापूरच्या अंगाला एका तेलाच्या घाण्यावर मानूस पाहिजे म्हनत्यात. शनिवारी घरी जातोच हाय, तसाच पुढं जाऊन बघतो."

"पन्नाशी आली तुमची. आमी तुमाला हितंच तुसात पुरनार हाय."

"पुरू नको बाबा. प्रवरेत सोडून दे. हितलं पानी आपसूक कोल्हारला जातंय, तिकीट बी लागत न्हाई."

दोघं हसले. अण्णांनी माझ्यातलं पाणी वरून धार धरून प्यायलं आणि झाकण लावलं. एवढंच झालं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाचं हँडल मारताना अण्णा एकदम खाली बसले. हात छातीवर गेला. गहिनीनाथ धावत आला. त्याच्या हातून घाईत माझी फिरकी उलटीच फिरत होती. शेवटी झाकण निघालं, त्यानं अण्णांच्या ओठाला मला लावलं. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून सदऱ्यात गेलं. एखादा घोट आत गेला असेल किंवा नसेल. मी रिकामा झालो, एवढं मला कळलं.

आता सुरुवातीपासून सांगतो.

संगमनेरच्या एका तांबटानं मला घडवलं. पत्र्याची एक थाळी होती मी. तिला ठोकत ठोकत त्यानं पोट दिलं, गळा ओढला, आटे पाडले. झाकण बसेपर्यंत त्यानं मला सतरा वेळा तपासलं. रंगुबाईच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात जावयाला दिलं. माझ्या पोटावर टिंबं ठोकून नाव घातलं: सहादेव रावजी, मु. कोल्हार. नवा असताना मी इतका चकचकीत होतो की लग्नातल्या बायका माझ्यात तोंड बघून कुंकू सारखं करत होत्या.

जमीन थोडी, भाऊ तीन. म्हणून अण्णा इंजिनाचं काम शिकले आणि मिळेल तिथं गेले. राजूरला मिळालं. निघताना रंगुबाई मला घरच्या आडाच्या पाण्यानं भरून देई. अण्णा ते पाणी पुरवून पुरवून पीत. अकोल्यापर्यंत ते संपू नये, असा त्यांचा प्रयत्न असे. कधी एखाद्या प्रवाशाचं मूल रडायला लागलं तर मात्र आधी त्याला पाजत. "पितळ अगदी सोन्यावानी ठेवलंय," असं कोणी म्हटलं की त्यांना बरं वाटे आणि मलाही.

सुट्टीच्या दिवशी ते नोकरी शोधत. मी पिशवीत असे. कोपरगावच्या बाजूला एका कारखान्याच्या फाटकावर आम्ही दोन तास उभे होतो. पहारेकऱ्यानं विचारलं, "चिठ्ठी कुणाची हाय?"

"चिठ्ठी न्हाई. काम येतंय."

"काम समद्यांनाच येतंय, पाव्हनं. चिठ्ठी न्हाई येत."

परतीच्या गाडीत अण्णांनी हे तीन वेळा स्वतःशी म्हटलं आणि तिसऱ्या वेळी हसले. त्यांना राग धरता येत नसे. घरी सांगताना ते अशा गोष्टीचा विनोद करत. रंगुबाई हसत नसे. भाकरी वाढता वाढता म्हणे, "पुढच्या वर्सापतोर मिळंल." असं तिनं किती वर्षं म्हटलं, ते मी मोजलं नाही.

त्यांना एकच मुलगी. पुष्पावती. फार वाचायची. शाळेतली पुस्तकं संपली की वाण्याच्या पुड्याचे कागद वाचायची. अण्णांनी तिला मास्तरीण करायचं ठरवलं होतं. अध्यापक विद्यालयाच्या शेवटच्या परीक्षेला ती एकदा बसली, तेव्हा मधेच आजी वारली. भावकीचं दहा दिवसांचं सुतक. सुतकात पोर घराबाहेर जाते म्हणजे काय, असं म्हणून चुलत्यांनी तिला अडवलं. एक पेपर बुडाला आणि वर्ष गेलं. अण्णा तेव्हा राजूरला होते. त्यांना कळलं तेव्हा पेपर होऊन गेला होता. "मी हितं असतो तर तुला नेऊन बसवलं असतं," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या वर्षी, म्हणजे एकाहत्तर साली, चैत्रात अण्णा घरी आले होते. त्यांनी नदीपलीकडच्या गावातल्या पाणीपुरवठा सोसायटीत अर्ज दिला. प्रवरेतलं पाणी इंजिनानं उपसून शेतांना द्यायचं काम. घरापासून सायकलीनं अर्धा तास. सोसायटीचे सेक्रेटरी भिमाजी यांनी अण्णांकडून बिघडलेलं इंजिन चालू करून घेतलं आणि म्हणाले, "कार्ड टाकतो घरच्या पत्त्यावर." अण्णा त्या रात्री लवकर झोपले नाहीत. सकाळी निघताना त्यांना माझ्या बुडाला बारीक चीर दिसली. "हा झाळून आना," असं सांगून ते मला घरी ठेवून गेले. म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

गुरुवारी कार्ड आलं. पोस्टमन छगन दारात सायकल टेकून उभा राहिला, पण नेहमीसारखं त्यानं कार्ड आत टाकलं नाही.

"ताई, बाहेर या. कोपरा फाटलाय बघा. मी वाचलं न्हाई."

तुमच्यातल्या काहींना हे माहीत नसेल. मरणाची खबर देणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडायची आमच्याकडे रीत आहे. असं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेर उभं राहून वाचतात आणि फाडून टाकतात. वाचलं की सुतक लागतं. न वाचलं, न ऐकलं, तर लागत नाही.

नाशिकला अण्णांचे चुलते अंथरुणाला खिळलेले होते. पुष्पावतीला दुसरं काही सुचलंच नाही. शुक्रवारी तिचा पेपर, शनिवारी पेपर, सोमवारी शेवटचा. रंगुबाई शेतात होती. पुष्पावतीनं कार्ड हातात घेतलं ते नजर दुसरीकडे करून. अक्षरांकडे पाहिलं नाही. गोठ्यात मी रिकामा, कोरडा ठेवलेला होतो. तिनं कार्ड गुंडाळून माझ्यात घातलं आणि फिरकी लावली.

पाच दिवस ते कार्ड माझ्या पोटात होतं. माझ्यात तोवर पाण्याशिवाय काही राहिलं नव्हतं. कागद हळूहळू उलगडतो, कडेला टेकतो, पुन्हा सरकतो. शुक्रवारी पहाटे ती पहिल्या गाडीनं संगमनेरला गेली आणि संध्याकाळी आली. येताना गोठ्याशी थांबली, मला हात लावला आणि आत गेली. शनिवारीही तसंच. रविवारी ती दिवसभर पुस्तक घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली होती. आपण एका मेलेल्या माणसाला पाच दिवस थांबवून ठेवलंय, असं तिला वाटत होतं, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

मंगळवारी सकाळी पेपर संपलेले होते. तिनं आंघोळ केली, गोठ्यात आली, कार्ड काढलं आणि हलक्या आवाजात वाचू लागली.

"रा. रा. सहादेव रावजी यांस. आपली इंजिन ड्रायव्हरच्या जागी निवड झाली आहे. येत्या सोमवारी सकाळी हजर व्हावे. न आल्यास जागा दुसऱ्यास देण्यात येईल."

तिनं ते तीनदा वाचलं. मग मला पिशवीत टाकलं, झाळायला नेते म्हणून आईला सांगितलं आणि नदी ओलांडून सोसायटीच्या कचेरीत गेली.

"सोमवारी दिवस मावळेपर्यंत वाट बघितली," भिमाजी म्हणाले. "आज सकाळी दुसरा बसवला. आमाला वाटलं, अण्णांना आता आमची नोकरी हलकी वाटती."

पुष्पावतीनं कार्ड पुढे केलं. "ह्याचा कोपरा कोणी फाडला?"

त्यांनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं. मग त्यांचा चेहरा उतरला. "मीच फाडला असंल. लिहिता लिहिता दात कोरायला. ध्यानातच आलं न्हाई, पोरी."

परत येताना तिनं कार्डाचे तुकडे नदीत सोडले.

अण्णा पुढच्या महिन्यात आले. उंबऱ्यातच विचारलं, "सोसायटीचं कार्ड?"

पुष्पावती चुलीपाशी होती. "नाही आलं," ती म्हणाली.

"असू दे. त्यांना जवळचं कोनी मिळालं असंल." थोड्या वेळानं म्हणाले, "दोन वळी लिवून टाकायला काय हुतं मानसाला." रंगुबाईनं तिथं जाऊन विचारून यायला सांगितलं. अण्णा म्हणाले, न बोलावता दारात जायचं नाही. पुन्हा त्यांनी त्या गावाचं नाव काढलं नाही.

पुष्पावती पहिल्या वर्गात पास झाली. बहात्तरच्या जूनमध्ये तिला शाळेत नोकरी लागली, घरापासून दीड मैलावर. अण्णांनी राजूरला पेढे वाटले. "बापाला जमलं न्हाई ते पोरीनं केलं," ते गिरणीत प्रत्येकाला सांगत. मी खिडकीत होतो.

माझी चीर झाळली होती. मी गळत नव्हतो. पण माझ्यात पाणी हललं की कागदाची सळसळ येई. मला वाटे, ती मलाच ऐकू येते. एकदा घरी आलेले असताना अण्णा पाणी पिता पिता थांबले. "पुष्पे, ह्या तांब्यातल्या पान्याला कागदाची चव लागती गं हल्ली."

तिनं माझ्या मालकाच्या हातातून मला काढून घेतलं. आडावर नेऊन चिंच आणि राख लावून घासलं. आत हात जात नाही, तर काठीला चिंधी बांधून घासलं. तिची बोटं सोलली. अण्णांनी पुन्हा पाणी पिऊन पाहिलं आणि म्हणाले, "आता न्हाई." ती त्यानंतर माझ्यातलं पाणी कधी प्यायली नाही. सांगायला ती पुष्कळदा आली. अण्णा जेवत असताना, गाडीची वाट बघत असताना, ती जवळ येऊन उभी राही. "काय गं?" ते विचारत. "काही नाही, पाणी भरू का?" असं म्हणून ती मला उचलून नेई.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला घासा, अडगळीत टाकू नका. मला अडगळीत टाकलं तरी चालेल. घरात कोणी काही सांगायला येऊन नुसतं उभं राहत असेल, तर त्याला बसवून घ्या. आणि उभे राहणारे तुम्हीच असाल, तर पाणी भरायला जाऊ नका.

अण्णा गेल्याच्या दहाव्या दिवशी प्रवरेच्या काठावर पिंड ठेवला. गहिनीनाथ राजूरहून आला होता, त्यानं मला पुष्पावतीच्या हातात दिलं होतं. नदीत डोहापुरतं पाणी होतं. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते. एकही खाली येत नव्हता.

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, असं धरतात. पुष्पावतीचा थोरला चुलता पुढे झाला. "पुष्पीचं लगीन आमी करून देऊ." कावळे हलले नाहीत. धाकटा म्हणाला, "वयनीला अंतर देनार न्हाई." गहिनीनाथानं हात जोडले. "अण्णा, गिरनीकडची काळजी करू नका, इंजिन चालू हाय." कोणीतरी दबून हसलं. ऊन वर आलं. माणसं सावलीला सरकली.

रंगुबाई म्हणाली, "तुमी काय बी कबूल करा. त्यांना घराजवळ नोकरी पाहिजे हुती. ती आता कुटून देनार?"

पुष्पावतीनं मला वाळूत ठेवलं आणि पिंडापाशी गेली. तिचा आवाज वर्गात शिकवतानाचा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"अण्णा, नोकरी तुम्हाला मिळाली होती. कार्ड आलं होतं. माझा पेपर बुडेल म्हणून मी ते पाच दिवस वाचलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."