डावा ओठ

१९८४ साल. गोरेगावच्या एका स्टुडिओत हिरोइन मोती नावाच्या चिंपांझीच्या गालाचा मुका घेणार होती. कॅमेरा त्याच्या उजवीकडे होता. तिथून तो हसरा दिसत होता. साखळी धरून डावीकडे बसलेल्या गुणाजीला मात्र मोतीचा डावा ओठ दातांवरून वर सरकताना दिसला. मोती चिडला की आधी डावीकडेच कळायचं.

“कट!” गुणाजी ओरडला.

सगळा सेट त्याच्याकडे वळला. कट फक्त दिग्दर्शकानं म्हणायचं असतं.

“तू कोण रे कट म्हणणारा?” दिग्दर्शक तरातरा आला. “माकडाबरोबर राहून माकड झालास!” हिरोइनला बाजूला सारून त्यानं स्वतःचाच गाल मोतीच्या तोंडाशी नेला. “बघ, हसतोय ना?”

गुणाजीचा डावा ओठ वर सरकला. त्यानं साखळी सैल सोडली.