भरणी शेडच्या दारातली तांब्याची पट्टी

मी एक जुनी तांब्याची पट्टी आहे. मित्रांनो, मला बघायला या म्हटलं तरी तुम्हाला येता यायचं नाही. आमच्या फाटकावरच मोबाइल, काडेपेटी, मनगटावरचं घड्याळ सगळं काढून घेतात. बारामती एमआयडीसी मागे टाकून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की ऊस संपतो आणि तारेचं लांबलचक कुंपण सुरू होतं. त्याच्या आत सैन्यासाठी काडतुसं तयार होतात.

पूर्वी इथे नुसता बाभळीचा माळ होता. कारखाना आला तेव्हा शेड मुद्दाम लांब लांब बांधल्या आणि मधे मातीचे उंच बांध घातले. एकीत भडका उडालाच, तर शेजारची वाचावी म्हणून. एका शेडमध्ये पितळी नळ्या घडतात, दुसरीत त्यांच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी बसते आणि तिसरीत दारू भरतात. हसू नका! दारू म्हणजे स्फोटक भुकटी. त्या तिसऱ्या शेडच्या दाराशी मला भिंतीवर ठोकलं आणि मागून एक तार जमिनीत पुरली.

माझं काम साधं आहे. माणसाच्या अंगावर कपड्यांच्या घासण्याने थोडी वीज साठते. तिची बारीकशी ठिणगीसुद्धा भुकटीला पुरते. म्हणून आत जाणारा प्रत्येक जण आधी माझ्यावर तळवा टेकवतो आणि ती वीज जमिनीत जाते. साहेब असो की झाडूवाली, मी कोणाला सोडत नाही. तळवे टेकून टेकून मी मधे गुळगुळीत झाले आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

शेडचे सुपरवायझर आप्पासाहेब वडगाव निंबाळकरचे. माणूस प्रेमळ. त्यांची थोरली बहीण प्रयागबाई आत भुकटी तोलते. डाळजहून येणारी उत्कर्षा नवी आहे. थंडीत स्वेटर काढून सुती डगला चढवला की तिला माझा हमखास चटका बसायचा. ती "आई गं!" ओरडायची आणि सगळ्या बायका खिदळायच्या.

या हिवाळ्यात सैन्याचे अधिकारी पाहणीला येणार होते. कठडे रंगवले, दारं रंगवली. आप्पासाहेब रंगाऱ्याला म्हणाले, "हिच्यावर बी एक हात मार. बिचारी उघडीबोडकी दिसती." झालं! मी लालभडक झाले. रंगातून वीज जात नाही, हे त्या कौतुकात कोणाच्या ध्यानातच आलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, पण पट्टीला कुठलं तोंड?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाई नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी तळवा टेकवून आत गेली. मागून उत्कर्षा आली. तिने हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"आप्पा, चटका न्हाय बसला."

"मग बरं झालं की! चल आत, दुपारच्या आत पेट्या जायच्या हायत."

"मी न्हाय जायची. अंगातली वीज गेलीच न्हाय."

"अगं, अक्का गेली न्हवं आत? तिला काय..." आप्पासाहेबांचं बोलणं तिथेच तुटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अरं देवा! ह्यो रंग..."

त्यांना स्वतःला आत धावता येईना, कारण तीच वीज त्यांच्याही अंगावर होती. ते दारातूनच हलक्या आवाजात म्हणाले, "अक्का, हात वर घे. कशाला शिवू नगं. हळू उठ."

"काय झालं रं?"

"काय इचारू नगं. नुसती ये."

भुकटीचं तबक तिच्या पुढ्यातच होतं. ती उठली. डगल्याचं टोक बाकाला घासलं आणि माझं काळीज फाटायची वेळ आली. पण ती आली. उंबरठा ओलांडून बाहेर आली. आप्पासाहेब पायरीवर बसून ढसाढसा रडले.

सगळं कळल्यावर प्रयागबाई म्हणाली, "लाडानं जीव घेतला असतास की रं माझा!"

शेड बंद ठेवली. वायरमन सिद्धूने माझा रंग खरवडला, मीटर लावून तार तपासली, मगच दार उघडलं. आता माझ्या अंगभर ओरखडे आहेत. असू देत.

मित्रांनो, एखादी वस्तू आवडली तर खुशाल जपा. पण ती कशासाठी आहे, ते आधी विचारून घ्या. मला पुसा, माझी तार बघा, बाकी काही नको. त्या सकाळी आत जाता जाता प्रयागबाई माझ्यावर हात ठेवून म्हणाली होती, "आज लई झ्याक दिसतीस गं!" आणि तशीच जाऊन भुकटीपाशी बसली होती.