पायरी आत घेतली तेव्हा

मी एक जुनी गाडी बोलतेय. माझ्या पोटात चार बिछाने, एक शेगडी आणि हात धुण्यापुरतं बेसिन आहे, म्हणून लोक मला फिरतं घर म्हणतात. खरं तर माझा जन्म पाव पोहोचवायला झाला. नऊ वर्षं मी पहाटे उठून दुकानोदुकानी पाव टाकले. मग बेकरीवाल्याने नवी गाडी घेतली आणि मला आवाराच्या कोपऱ्यात उभं केलं. गरज सरो, वैद्य मरो.

तिथून मला एका सुताराने आणलं. हिवाळाभर माझ्या पोटात बसून त्याने कपाटं केली. कितीही वळणं येवोत, एकाचंही दार उघडत नाही. चालवण्यात मात्र हा माणूस कच्चा. रस्ता सोडून बाजूच्या झाडांचं लाकूड बघत बसतो. त्यामुळे स्टिअरिंग बायकोच्या हाती. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. तिला गाडी शिकवली ती तिच्या सासऱ्यांनी, आप्पांनी.

आप्पांनी तीस वर्षं ट्रक चालवला. इंजिनाच्या आवाजाने कान गेले, कानांपायी परवाना गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. गिअर चुकला की त्यांना तो बुडाखालून कळायचा. मागच्या बाकावरून लगेच आवाज यायचा, "अगं, गिअर आहे तो, उखळ नाही. कांडतेस काय?" ती ओठ मिटून चालवत राहायची. मला तिचं फार वाईट वाटायचं.

या घराची निघण्याआधीची एक शिस्त होती. आई स्टिअरिंगवर बसली की प्रत्येकाने आपापलं काम ओरडून सांगायचं. सुतार सांगायचा, "गॅस बंद." नऊ वर्षांची लेक सांगायची, "खिडक्या बंद." आप्पा सगळ्यांत शेवटी चढायचे, पायरी आत ओढायचे आणि म्हणायचे, "पायरी आत." ते ऐकलं की पहिला गिअर पडायचा. माणसं कुणी मोजत नसे. मोजून चार डोकी, त्यांत मोजायचं काय?

त्या सुट्टीत आम्ही समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी पावसासह असा वारा सुटला की मी उभ्या जागी डुलायला लागले. वनरक्षक जीप घेऊन आला. "लगेच निघा," तो म्हणाला. "तासाभरात भरतीचं पाणी बंधाऱ्यावरच्या रस्त्यावर येईल. बाहेर जायला दुसरा रस्ता नाही."

एकच धांदल उडाली. माझ्या बाजूला ताणलेलं कापडी छप्पर सुताराने कसंबसं गुंडाळून मागच्या बाकावर टाकलं आणि पडदा ओढला. लेकीला वाटलं, आजोबा पडद्यामागे जाऊन बसलेत. अशा पावसात त्यांना पुन्हा कशाला उठवायचं, म्हणून तिनेच पायरी ओढली आणि ओरडली, "पायरी आत!" आईने पहिला गिअर टाकला.

मला कळलं होतं. नव्वद किलोंचा माणूस आत नाही, हे मागच्या चाकांना कळणार नाही तर कुणाला? पण मला वाचा कुठे होती? बंधाऱ्यावर दोन्हीकडून पाणी उडत होतं. तिने घाईने दुसरा गिअर टाकला आणि मी अडून बसले. दात करकर वाजवले. मला येणारी भाषा तेवढीच.

गिअर पडला. मग तिने गाडीच थांबवली. "आप्पा काही बोलले नाहीत," ती म्हणाली.

"डोळा लागला असेल," सुतार म्हणाला.

"इतका वाईट गिअर पडला आणि ते झोपून राहतील? पडदा सरकव बघू."

पडद्यामागे फक्त ओलं छप्पर होतं. लेक रडायला लागली. "पायरी मीच ओढली, आई."

"नंतर रड, बाळा. आधी मागच्या काचेतून रस्ता बघ आणि मला सांगत राहा."

बंधाऱ्यावर वळायला जागा नव्हती. त्या बाईने मला अर्धा किलोमीटर उलटं नेलं. सुतार पावसात उतरून माझ्यामागे हातवारे करत चालला होता. वारा मला पाण्याकडे ढकलत होता आणि ती मला इंचाइंचाने परत रस्त्यावर आणत होती. तिचे हात स्टिअरिंगवर ठाम होते. बेकरीतले तीन चालक मी पाहिले, असे हात एकाचेही नव्हते.

आप्पा मुक्कामाच्या जागेवरच्या न्हाणीघराच्या भिंतीआड उभे होते. हातात चार लोखंडी खुंट्या. "छपराच्या खुंट्या राहिल्या होत्या," ते म्हणाले. "उपटून येतो तर गाडी गायब."

सुनेने त्यांचा हात धरला आणि ती रडली. "घाबरला असाल ना?" तिने त्यांच्या कानाशी विचारलं.

"कशाला घाबरू? स्टिअरिंगवर कोण आहे ते माहीत होतं मला."

पाणी रस्त्यावर येऊ लागलं होतं, तरी तिने मला पार नेलं. आप्पा सबंध वाटेत गप्प होते. पुढच्या सहलीतही गप्पच. शेवटी तिनेच गाडी बाजूला घेतली. "आप्पा, काहीतरी बोलत जा हो. तुम्ही गप्प बसलात की माझा जीव वर-खाली होतो."

आता माझा तळ गंजलाय. मेकॅनिक म्हणतो, फार तर आणखी एक वर्ष. माझी तक्रार नाही, चांगल्या हाताखाली दिवस गेले. तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे: तुमच्याही मागच्या बाकावर कुणी कुरकुरत असेल, तर कुरकुरू द्या. तो आवाज येतोय तोवर सगळे गाडीत आहेत.